जोडलेला नागरिक, विखुरलेलं सरकार

नागरिकाची माहिती जोडण्याचं काम आपल्या देशात झपाट्याने झालं. आधारला मोबाइल, मोबाइलला बँक खातं, खात्याला पॅन, पॅनला आयकर विवरण. अ‍ॅग्रिस्टॅकच्या शेतकरी ओळख क्रमांकाने आधार आणि सातबाराही एकत्र आणले. एका माणसाबद्दल एका कार्यालयात काय लिहिलं आहे, ते दुसऱ्या कार्यालयाला कळायला आता फार खटपट पडत नाही.

हाच माणूस सरकारबद्दल काही जोडून बघायला गेला, तर काय होतं? प्रश्न अगदी साधा घेऊ. माझ्या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत पाऊस किती पडला, विहिरींचं पाणी किती खाली गेलं, टँकर किती लागले आणि त्याच काळात ऊस किती वाढला? चारही गोष्टी सरकार मोजतं. आपल्याच पैशातून मोजतं. पण पावसाची नोंद महसूल मंडळनिहाय होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजते आणि हिशेब पाणलोट क्षेत्रानुसार मांडते. टँकरचा तक्ता गावं आणि वाड्यांचा. पीक पाहणी गट क्रमांकावर. चार खाती, चार मोजपट्ट्या, गावाच्या नावाची चार स्पेलिंगं. हे चार तक्ते शेजारी ठेवायचे, तर गावातल्या एखाद्या हुशार पोराला महिना घालवावा लागेल आणि तरीही उत्तर पक्कं नसेल.

सरकारला नागरिक एका क्रमांकात दिसतो. नागरिकाला सरकार तुकड्यातुकड्यांत दिसतं. याचं खापर तंत्रज्ञानावर फोडता येणार नाही, कारण यावरचं तंत्रज्ञान पंचवीस वर्षांपूर्वीच तयार झालेलं आहे. ते संशोधकांनी तयार केलं, सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, आणि आपण ते वापरलेलं नाही.

*

मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये एक लेख आला. लेखक तिघे: टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला. बर्नर्स-ली म्हणजे वेबचा जनक. मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत त्याने वेबचा पहिला प्रस्ताव लिहिला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र कुठलंही शुल्क न लावता जगाला देऊन टाकलं. आता तो पुढची पायरी सांगत होता. तिचं नाव सिमँटिक वेब.

लेखाची सुरुवात एका घरगुती प्रसंगाने होते. ल्यूसी दवाखान्यातून भावाला, पीटला, फोन करते. आईला तज्ज्ञ डॉक्टर आणि नियमित फिजिओथेरपी लागणार आहे. ल्यूसीचा संगणकी मदतनीस डॉक्टरकडून उपचाराची माहिती घेतो, आईच्या विम्यात बसणारी, घरापासून वीस मैलांच्या आतली आणि चांगलं नाव असलेली केंद्रं शोधतो, त्यांच्या मोकळ्या वेळा आणि भावाबहिणीच्या मोकळ्या वेळा जुळवतो. मदतनिसाने सुचवलेलं रुग्णालय आईच्या घरापासून लांब पडतं, परतताना गर्दी लागेल, म्हणून पीट आपल्या अटी घालून पुन्हा शोध घ्यायला लावतो. काही क्षणांत नवं वेळापत्रक तयार.

आजारी आई आणि नोकरी करणारी मुलं. मला हा लेख आवडतो तो या निवडीमुळे. तंत्रज्ञान कुणासाठी, हे तिथे पहिल्याच परिच्छेदात ठरलेलं आहे.

मुळातली कल्पना कुणालाही समजेल अशी आहे. वेबवरचं पान माणूस वाचतो, पण त्यात काय लिहिलंय ते यंत्राला उमगत नाही. म्हणून प्रत्येक विधान तीन तुकड्यांत मांडायचं. लासलगाव, तालुका, निफाड. निफाड, जिल्हा, नाशिक. एवढी दोन विधानं मिळाली की लासलगाव नाशिक जिल्ह्यात येतं हे तिसरं विधान यंत्र स्वतः काढू शकतं. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीला जगात एकमेव असा वेबपत्ता द्यायचा, म्हणजे इथलं लासलगाव आणि तिथलं लासलगाव एकच, यात शंका उरत नाही. या मांडणीला आरडीएफ म्हणतात. तिला १९९९ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. तिच्या जडणघडणीत मोठा वाटा रामनाथन गुहा यांचा, आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेला माणूस. २००६ मध्ये बर्नर्स-लीने सगळं चार नियमांत बसवलं: गोष्टींना वेबपत्ते द्या, ते पत्ते उघडता येतील असे ठेवा, उघडल्यावर प्रमाणित रूपात उपयोगी माहिती मिळू द्या, आणि दुसऱ्यांच्या माहितीकडे दुवे द्या.

टीका तेव्हाही झाली. कोरी डॉक्टरोव्ह या लेखकाने २००१ मध्येच लिहिलं की लोक खोटं बोलतात, आळस करतात, आपल्याच मालाला चांगलं म्हणतात, त्यामुळे त्यांनी स्वतः आपल्या माहितीला लावलेल्या खुणांवर विसंबता येणार नाही. व्यापारी जाहिरातींच्या जगाबद्दल तो शंभर टक्के बरोबर होता. पण हा आक्षेप पर्जन्यमापकाला लागू होत नाही. तलाठ्याच्या दप्तराला, धरणाच्या पाणीपातळीला, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसीकरणाच्या नोंदीलाही नाही. तिथे खुणा लावणं ही कुणाची हौस नसते, ती नोकरी असते. सिमँटिक वेबचं खरं घर सरकारी दप्तरच होतं. संशोधकांची बरीच वर्षं मात्र संकल्पनांची वर्गवारी अधिकाधिक काटेकोर कशी करावी यावरच्या वादांत गेली, आणि दप्तरापर्यंत फार थोडे पोचले. हा त्यांचा दोष मी लपवणार नाही.

*

नावांपाशी जरा थांबू. महाराष्ट्रात हा प्रश्न पावलोपावली आहे.

एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव बुद्रुक आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव मावळ आहे. तक्त्यात कारकुनाने नुसतं ‘वडगाव’ लिहिलं की संपलं. पिंपळगाव, पिंप्री, बोरगाव, खामगाव यांची तीच गत. त्यात लिपी बदलली की आणखी भर: एकच गाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. त्यात नामांतरं. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला आणि उस्मानाबाद धाराशिव. २०२४ मध्ये अहमदनगर अहिल्यानगर झालं. नावाच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. मला दिसतो तो तक्ता: २०२२ पर्यंत एक नाव, पुढे दुसरं, आणि यंत्राच्या लेखी एक जिल्हा संपून दुसरा जन्माला आला. कापसाच्या वीस वर्षांच्या आकडेवारीत तिथे उभी चीर पडते.

यावर उपाय काय? नाव वेगळं, ओळख वेगळी. विकिडेटा या मुक्त ज्ञानसंचात मुंबईची ओळख क्यू ११५६ अशी आहे. कुणी मुंबई लिहो, बॉम्बे लिहो, बंबई लिहो, उद्या चिनीत लिहो, आकडा तोच. नाव हे त्या आकड्याला चिकटवलेलं एक विधान, आणि ते कधीपासून कधीपर्यंत चालू होतं तेही सोबत नोंदवता येतं. इतिहास पुसला जात नाही आणि हिशेबही तुटत नाही.

आपल्याकडे असा आकडा नाही असं कुणाला वाटेल. आहे! पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेत, लोक जिला एलजीडी म्हणतात तिच्यात, राज्यापासून गावापर्यंत प्रत्येकाला कोड दिलेला आहे. वडगाव कितीही असोत, कोड प्रत्येकाचा निराळा. सरकारनेच दिलेला, सरकारच्याच संकेतस्थळावर कुणालाही बघता येणारा. मग टँकरच्या तक्त्यात तो का नसतो? पीककर्जाच्या, शाळांच्या पटसंख्येच्या, रस्त्यांच्या कामांच्या तक्त्यांत का नसतो? यासाठी कुठला कायदा बदलावा लागत नाही, कुठली निविदा काढावी लागत नाही. तक्त्यात एक स्तंभ वाढवायचा आहे. मंत्रालयातून एक परिपत्रक निघालं तर पुढच्या आर्थिक वर्षापासून हे होऊ शकतं. ज्या सरकारला शेतकऱ्याचा आधार क्रमांक सातबाऱ्याला जोडता येतो, त्याला हे अवघड म्हणण्याची सोय उरलेली नाही.

*

‘आम्ही सगळं संकेतस्थळावर टाकलंय’ हे उत्तर माहिती मागणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे.

टाकलंय, पण कसं? सही-शिक्क्यानिशी छापलेला कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ. आकडे म्हणजे चित्र. बेरीज करायची तर आधी डोळ्यांनी वाचून पुन्हा टंकायचं. जुना मराठी मजकूर असेल तर तो युनिकोडपूर्व फॉन्टमधला. कॉपी केला की हातात निरर्थक अक्षरांची रांग. माहिती डोळ्यांसमोर आहे आणि वापरता येत नाही. ही अडवणूकच आहे, मग ती आळसातून आलेली असो की हेतूतून.

बर्नर्स-लीने २०१० मध्ये यासाठी पाच ताऱ्यांची श्रेणी सुचवली. मुक्त परवान्यासह माहिती नुसती वेबवर असेल, भले स्कॅन का असेना, तर एक तारा. एक्सेलसारख्या यंत्राला वाचता येणाऱ्या तक्त्यात असेल तर दोन. तोच तक्ता सीएसव्हीसारख्या कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या रूपात असेल तर तीन. प्रत्येक गोष्टीला कायमचा वेबपत्ता असेल तर चार. आणि त्या पत्त्यांवरून दुसऱ्या माहितीशी दुवे जोडलेले असतील तर पाच. अमेरिकेने आपलं खुलं डेटा पोर्टल मे २००९ मध्ये सुरू केलं, ब्रिटनने जानेवारी २०१० मध्ये. ब्रिटनच्या कामात बर्नर्स-ली आणि साउदॅम्प्टन विद्यापीठातला त्याचा सहकारी नायजेल शॅडबोल्ट स्वतः होते. भारत मागे नव्हता. मार्च २०१२ मध्ये आपलं राष्ट्रीय डेटा धोरण अधिसूचित झालं, त्याच वर्षी पोर्टल आलं, २०१७ मध्ये मुक्त परवानाही आला. बाजार समित्यांचे रोजचे भाव तिथे यंत्राला वाचता येतात, ही खरोखर चांगली सोय आहे आणि ती करणाऱ्यांचं मी मनापासून कौतुक करतो. पण जिल्हा आणि तालुका पातळीवर उतरलं की बहुतेक माहिती पहिल्या ताऱ्याच्या उंबऱ्यावर अडकलेली दिसते, आणि परवाना नसेल तर तो तारासुद्धा मिळत नाही.

आणि हे सगळं ऐच्छिक आहे असा समज कुणी करून घेऊ नये. माहिती अधिकार कायदा, २००५. कलम ४, पोटकलम १, खंड क. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत, वाजवी मुदतीत ते संगणकावर आणावेत आणि ते मिळणं सुकर व्हावं म्हणून देशभरच्या जाळ्यामार्फत जोडावेत, असा त्याचा आशय आहे. ‘जोडावेत’ हे संसदेने २००५ मध्ये सांगितलं. कुणी अर्ज करो वा न करो, हे करायचंच आहे. वीस वर्षं उलटली. अर्ज फेटाळण्यासाठी कलम ८ प्रत्येक माहिती अधिकाऱ्याला तोंडपाठ आहे, त्याच्या आधी येणारं कलम ४ मात्र कुणी वाचत नाही.

*

लोकांनी स्वतः जोडणी केली, तर काय उभं राहतं ते पाहण्यासारखं आहे. विकिडेटा ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाला. आज त्यात दहा कोटींहून जास्त गोष्टींची नोंद आहे, आणि ती कुणीही, कशासाठीही, न विचारता वापरू शकतो. महाराष्ट्रात जन्मलेल्या आणि मराठीत लिहिणाऱ्या स्त्रिया कोण, असं त्याला विचारा. तो यादी देतो. यादी अपुरी असते, कारण नोंदी करणारे हात कमी आहेत. पण प्रश्न विचारता येतो आणि उत्तर सगळ्यांच्या मालकीचं असतं.

आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने झालेलं इंडोवर्डनेटचं कामही याच जातीचं. पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांतले शब्द अर्थांच्या संचांत बांधले. पाणी, जल, उदक यांसारखे समानार्थी शब्द एका संचात, आणि त्या संचाचा क्रमांक हिंदी, मराठी, कोकणीत एकच. कोकणीचं काम गोवा विद्यापीठात झालं. सिमँटिक वेबने सांगितलेला ‘गोष्टीला एक ओळख’ हा नियम आपल्या विद्यापीठांनी शब्दार्थांना लावून दाखवला आहे. हे आपल्याला जमत नाही असं मला कुणी सांगू नये.

धोका वेगळाच आहे. फ्रीबेस नावाचा असाच एक संच होता, मेटावेब या कंपनीने २००७ मध्ये लोकांसाठी खुला केलेला. हजारो लोकांनी त्यात नोंदी केल्या. जुलै २०१० मध्ये गुगलने मेटावेब विकत घेतली. मे २०१२ मध्ये त्या पायावर गुगलचा नॉलेज ग्राफ आला, शोध घेतल्यावर बाजूला माहितीची चौकट दिसते तो. २०१६ मध्ये फ्रीबेस बंद झालं. त्यातला काही भाग विकिडेटात आणला गेला, हे मान्य. पण लोकांनी बांधलेली विहीर वाड्याच्या आत गेली, हेही तितकंच खरं. शेकडो संशोधकांच्या निबंधांतून, स्वयंसेवकांच्या रात्रींतून जे तंत्र उभं राहिलं, त्याचा सर्वांत मोठा उपयोग मोठ्या कंपन्यांच्या बंद गोदामांत झाला.

*

आता जोडणीची धार.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी संशोधनासाठी दिल्या. नावं काढून टाकली होती. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना ग्वाही दिली की खासगीपणाला धक्का लागणार नाही. एमआयटीत शिकणारी लताण्या स्वीनी ही विद्यार्थिनी मात्र केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरना विकत घेऊन आली. नोंदींत जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड होता, मतदार यादीतही तेच तीन. गव्हर्नर केंब्रिजचे रहिवासी. त्यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण, त्यांतले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये एकच. गव्हर्नरांच्या आजाराची नोंद तिच्या हातात होती; तिने ती त्यांच्याच कार्यालयाला पाठवली.

पुढे २००६ मध्ये नेटफ्लिक्सने सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले दहा कोटी गुण, नावं काढून, स्पर्धेसाठी खुले केले. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या दोघांनी दाखवलं की एखाद्याने कुठले मोजके चित्रपट साधारण कधी पाहिले हे कळलं, तरी लाखोंतून तो माणूस हुडकता येतो. चित्रपटांच्या आवडीनिवडीतून माणसाचा धर्म, राजकारण, लैंगिक कल यांचा अंदाज बांधता येतो. म्हणजे नाव खोडणं पुरेसं नाही. दोन निरुपद्रवी याद्या शेजारी आल्या की त्यांतून तिसरी, उपद्रवी यादी जन्माला येते.

हे वाचून काही जण म्हणतील, बघा, म्हणूनच माहिती बंद ठेवावी. मी उलटं म्हणतो. जोडणीत एवढी ताकद आहे, तर ती कुणाच्या दिशेने रोखायची हे ठरवलं पाहिजे. धरणाचं पाणी, ठेकेदाराचं बिल, शाळेचा पट, नियुक्त्या, अनुदानं, पंचनामे: हे सगळं जितकं जोडाल तितकं थोडं. माणसाचा आजार, त्याचं येणंजाणं, त्याची खरेदी, त्याचं वाचन: हे त्याच्या परवानगीशिवाय कुणी जोडता कामा नये. यात मधली, खरोखर अवघड प्रकरणं आहेत. मतदार यादी त्यांतलं एक. ती तपासता आली नाही तर निवडणुकीवरचा विश्वास डळमळतो. ती यंत्राला वाचता येईल अशी दिली तर लाखोंची नावं, पत्ते आणि वयं बाजारात जातात. २०१८ मध्ये ही मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती आणि न्यायालयाने ती मान्य केली नाही. दोन्ही बाजूंना वजन आहे. पण टँकरच्या तक्त्यात असा कुठलाही पेच नाही. अवघड प्रकरणांच्या आडोशाला सोपी प्रकरणं लपवली जातात, त्याला माझा विरोध आहे.

आणि नेमकं हेच कायद्यात झालं. ते कळायला थोडं मागे जाऊ. राजस्थानात डिसेंबर १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या. गावातल्या कामांची मस्टरं आणि बिलं लोकांसमोर वाचून दाखवायची. नाव वाचलं जायचं आणि गर्दीतून कुणीतरी सांगायचं, हा माणूस मरून गेलाय; हा तर कामावर कधी आलाच नाही. माहिती अधिकाराच्या लढ्याला त्या वाचनातून बळ मिळालं. आपल्याकडे अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा झाला, मग २००५ चा केंद्रीय. या साऱ्या प्रक्रियेत नाव महत्त्वाचं होतं. नावाशिवाय मस्टर म्हणजे नुसती बेरीज, आणि बेरीज खोटी असली तरी जुळते.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. त्याची गरज होतीच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. पण त्याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण घाला येतो, हे बघावं लागे. संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती सामान्य माणसालाही नाकारू नये, अशीही तरतूद होती. आता हे सगळं गेलं. ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हणणं पुरतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येईल हे कलम ८(२) शाबूत आहे, पण ते सिद्ध करण्याचं ओझं आता अर्जदाराच्या डोक्यावर येऊन पडणार. ज्या मस्टरमधून हा हक्क जन्मला, ते मस्टरच आता वैयक्तिक माहिती म्हणून मिटून ठेवता येईल.

*

खासगीपणाच्या नावाखाली सरकारकडे जाणारी वाट अरुंद केली. मग माणसाला त्याच्या स्वतःच्या माहितीवर तरी जास्त ताबा मिळाला का?

संशोधनात हा विचार जुना आहे. एमआयटीत डेव्हिड कार्गर यांच्या हेस्टॅक प्रकल्पात माणसाच्या पत्रांपासून छायाचित्रांपर्यंत सगळं त्याच्याच संगणकावर, त्याच्याच पद्धतीने, आरडीएफमध्ये बांधण्याचा प्रयत्न झाला. युरोपात २००६ ते २००८ या काळात नेपोमुक प्रकल्पाने तेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. पुढे बर्नर्स-लीने सॉलिड मांडलं: माहिती अ‍ॅपच्या कंपनीकडे न ठेवता माणसाच्या स्वतःच्या कप्प्यात ठेवायची, आणि अ‍ॅपने येऊन परवानगी मागायची. परवानगी काढून घेतली की दार बंद. बेल्जियममधल्या फ्लांडर्स प्रदेशाच्या सरकारने आपल्या नागरिकांसाठी हा मार्ग धरला आहे. ल्यूसी आणि पीटची गोष्ट जिवंत व्हायची तर हेच लागतं: आईची माहिती आईकडे, आणि तिच्या संमतीने मुलांच्या हातात.

आपल्याकडे हे अशक्य आहे का? मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अकाउंट अ‍ॅग्रिगेटरचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती व्यवस्था सुरू झाली. ग्राहकाने फोनवर संमती दिली की त्याच्या खात्याची माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात एका संस्थेकडून दुसरीकडे जाते. कर्ज देणाऱ्याची सोय होती, म्हणून हे झालं. रुग्णाची, प्रवाशाची, विद्यार्थ्याची, भाड्याच्या घरात राहणाऱ्याची माहिती त्याला स्वतःला तशीच उचलून नेता यावी, यासाठी मात्र कुणी तेवढी घाई केली नाही.

युरोपात हा हक्क कायद्यात आहे. मे २०१८ पासून लागू असलेल्या तिथल्या नियमावलीचं कलम २० सांगतं की माणसाने दिलेली माहिती त्याला यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मिळाली पाहिजे आणि ती दुसरीकडे नेता आली पाहिजे. भारताच्या २०१९ च्या विधेयकातही कलम १९ म्हणून हा हक्क लिहिलेला होता. २०२३ चा कायदा झाला तेव्हा तो गळला. माहितीचा सारांश बघा, चूक दुरुस्त करून घ्या, पुसायला सांगा, तक्रार करा, मुख्यतः एवढं उरलं. घेऊन जाता येत नाही. दहा वर्षं एका अ‍ॅपवर नोंदवलेली साखरेची पातळी दुसऱ्या अ‍ॅपवर न्यायची असेल, तर पुन्हा एकेक आकडा टंकत बसायचं.

२०१९ च्या विधेयकातलं ते कलम संसदेच्या दप्तरात लिहून तयार आहे, नवा मसुदा करण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यांतल्या एकाने ते खासगी सदस्याचं विधेयक म्हणून मांडावं, आणि त्याच विधेयकात माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) होतं तसं पूर्ववत करण्याची मागणी घालावी. ते संमत होण्याची शक्यता कमी आहे, तरीही ते मांडलं गेलं पाहिजे, कारण ते चर्चेला आलं तर सरकारला या दोन्ही गोष्टींवर सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल.